कुत्र्याच्या आतड्यात अडथळा: मुंबईतल्या घरांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात किंवा गल्लीत कुत्रं असलेल्या माणसांकडून हे प्रश्न सारखे येतात, आणि बहुतेक वेळा रात्री जेवणं आटोपल्यावर येतात. दवाखान्यात जायला उशीर का झाला असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "वाटलं, सकाळपर्यंत बरा होईल." आतड्यातल्या अडथळ्यात नेमकी ती एक रात्र महाग पडते, म्हणून इथे उत्तरं सविस्तर दिली आहेत. निदान आणि उपचार डॉक्टरांनीच करायचे. ओळखायचं कसं, निघायचं कधी आणि तोवर काय करायचं नाही, एवढं मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

आतड्यात अडथळा येतो म्हणजे नेमकं काय होतं?

खाल्लेलं अन्न जठरातून लहान आतड्यात आणि तिथून मोठ्या आतड्यात सरकत असतं. वाटेत काही अडकलं की त्याच्या मागे अन्न, पाचकरस आणि वायू साठत जातो. आतडं फुगतं, त्याच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचेनासं होतं आणि तेवढा भाग मरायला लागतो. मेलेली भिंत फाटली की आतली घाण पोटाच्या पोकळीत सांडते. मग साधं ऑपरेशनही जीवघेणं होऊन बसतं. शिवाय सततच्या उलट्यांनी अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात, ते वेगळंच.

वाट पूर्ण बंद झाली असेल तर दोन-तीन दिवसांत जिवावर बेततं. वरच्या बाजूला, जठराच्या दाराशी अडकलं असेल तर उलट्या लगेच आणि जोरात सुरू होतात आणि कुत्रं लवकर कोसळतं. खालच्या बाजूला अडकलं तर सगळं सावकाश होतं आणि त्यामुळेच लोक गाफील राहतात.

प्रत्येक वेळी काहीतरी गिळलेलंच असतं असं नाही. पिल्लांमध्ये आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून बसतो. पोटात जंतांचा गोळा होतो. वय झालेल्या कुत्र्यांमध्ये गाठ वाढून वाट बंद होते. हर्नियात आतडं अडकतं.

आमच्याकडे तर खेळणीसुद्धा नाहीत. घरातलं असं काय अडकणार?

खेळण्यांपेक्षा स्वयंपाकघर जास्त धोक्याचं. मुंबईच्या घरांत ऋतूप्रमाणे वस्तू बदलतात. एप्रिल ते जून आंब्याचा बाठा. रसाळ, गोड, लॅब्रेडॉरच्या घशातून सहज उतरणारा आणि आतड्याच्या वाटेपेक्षा मोठा. तो जठरात कित्येक दिवस, कधी काही आठवडे, नुसता पडून राहू शकतो आणि एके दिवशी आतड्यात उतरून अडकतो. म्हणून आंब्याचा सीझन संपल्यावर आजारी पडलेल्या कुत्र्याच्या पोटातही बाठा सापडतो. पावसाळ्यात भाजलेल्या कणसाचा दांडा: दाणे आपण खातो, दांडा बाल्कनीतल्या डब्यात टाकतो, कुत्रा तिथून उचलून दोन घासांत गिळतो. तो पचत नाही आणि एक्स-रेत नीट दिसतही नाही. मे महिन्यात फणसाच्या आठळ्या. नारळी पौर्णिमा ते गणपती नारळ: करवंटीच्या तुकड्याला धारदार कडा असतात आणि शेंडीचे तंतू पोटात गुंतून त्यांचा घट्ट गोळा होतो. काथ्याचं पायपुसणं कुरतडणाऱ्या पिल्लांचंही तेच होतं.

बारा महिने चालणाऱ्या गोष्टी म्हणजे लहान मुलांचे मोजे, केसांचे रबर, डायपर, सॅनिटरी पॅड, भांडी घासायची तारेची घासणी, गजऱ्याचा आणि हाराचा दोरा, मटणाच्या पिशव्या. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा मोठ्या कुत्र्याच्या पोटातून बहुधा निघून जातो. अख्खी पिशवी जात नाही, आणि शिह त्झू किंवा पॉमेरेनियनच्या बारीक आतड्याला तर कोपराही पुरतो.

जुहू-वर्सोव्याच्या वाळूत चेंडू खेळणाऱ्या कुत्र्यांसाठी एक वेगळा धोका आहे. चेंडूबरोबर दर वेळी थोडी वाळू पोटात जाते आणि ती साठून घट्ट बसू शकते. किनाऱ्यावर चेंडूऐवजी तोंडात सहज धरता येणारं, वाळू न चिकटणारं खेळणं न्या आणि सोबत पिण्याचं पाणी ठेवा.

लक्षणं कोणती?

सगळ्यात मोठं लक्षण म्हणजे थांबत नसलेल्या उलट्या. आधी खाल्लेलं पडतं, मग पिवळं पित्त, मग नुसता फेस, आणि पाणी प्यायल्यावर काही मिनिटांत तेही बाहेर. अडथळा खालच्या भागात असेल तर उशिराने येणाऱ्या उलटीला शीसारखा वास येतो.

त्याच्या जोडीला खाण्यावरची वासना जाते. एरवी फ्रिज उघडल्याच्या आवाजावर धावत येणारा कुत्रा चिकनचा तुकडा हुंगून मान फिरवतो, तेव्हा ते गंभीरपणे घ्या. लाळ गळते, ओठ चाटणं वाढतं. पोटाला हात लावला की पोट कडक होतं, कण्हतो किंवा कधीच न गुरगुरणारा कुत्रा गुरगुरतो. काही कुत्री पुढचे पाय जमिनीवर पसरून छाती टेकवतात आणि मागचा भाग वर ठेवून तशीच थांबतात. खेळायला बोलावतानाही कुत्रा असाच वाकतो, पण तेव्हा शेपूट हलत असते, डोळे तुमच्याकडे असतात आणि क्षणात तो उडी मारतो. दुखणारा कुत्रा त्या स्थितीत गप्प थांबतो, उठतो, जागा बदलतो, पुन्हा तसाच वाकतो. पलंगाखाली, बाथरूमच्या लादीवर, कोपऱ्यात जाऊन बसणंही याच वेळी सुरू होतं.

अर्धवट अडथळा फसवा असतो. दोन दिवस उलट्या, मग दोन दिवस बरं, पुन्हा उलट्या, थोडी पातळ शी, वजन हळूहळू कमी. लोक "पोट नाजूक आहे" म्हणून दही-भात देत राहतात. असं येऊन-जाऊन चाललेलं दुखणं आठवडाभर टिकलं तर सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

एखादी उलटी झाली तर लगेच धावायचं का?

नाही. सकाळी रिकाम्या पोटी एकदा पिवळं पडलं, गवत खाऊन एकदा ओकला आणि नंतर नेहमीसारखा जेवला, तर लक्ष ठेवा. पण काही तासांत दोन-तीनपेक्षा जास्त उलट्या, पाणीही न टिकणं, उलटी आणि मलूलपणा एकत्र, उलटीत रक्त, किंवा काही गिळल्याची शंका, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी दवाखाना. पिल्लू असेल तर त्याहून लवकर, कारण त्याच्या अंगात पाण्याचा साठा फार थोडा असतो.

पण शी तर झाली सकाळी. म्हणजे अडथळा नाही ना?

असं धरून चालू नका. अडथळ्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात जे आधीच होतं ते बाहेर येतंच. अर्धवट अडथळ्यात बाजूने पातळ शी निसटत राहते. आतड्यात आतडं शिरलेलं असेल तर थोडी थोडी, चिकट, रक्ताची शी होते आणि घरच्यांना वाटतं जुलाब लागलेत.

उलट बाजूही सांगायला हवी. दोन दिवस शी नाही, कुंथतोय, पण खातोय आणि उलटी नाही, तर ते हाडं खाऊन झालेलं बद्धकोष्ठ असण्याची शक्यता जास्त. दाखवायला न्याच, पण ते दुखणं वेगळं.

काल दुपारी बाठा गिळला. आज मस्त खेळतोय. तरी जायचं?

हो, आणि खरं तर कालच जायला हवं होतं. गिळल्यावर साधारण पहिल्या दोन तासांत वस्तू बहुधा जठरातच असते. तेव्हा डॉक्टर इंजेक्शन देऊन सुरक्षितपणे उलटी करवू शकतात किंवा दुर्बिणीने ती तोंडावाटे काढू शकतात. पोट फाडावं लागत नाही. एकदा ती आतड्यात उतरली की हे दोन्ही मार्ग जवळजवळ बंद होतात. कुत्रा खेळतोय याचा अर्थ एवढाच की बाठा अजून अडकलेला नाही.

दोन वस्तूंसाठी तर एक मिनिटही थांबू नका. रिमोट-घड्याळातला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर तासाभरात आतून भाजू लागतो. आणि लोहचुंबकाचे एकाहून जास्त तुकडे आतड्याच्या दोन वेगळ्या वळणांतून एकमेकांना चिकटतात आणि मधली भिंत चिरडतात.

गिळल्या गिळल्या कुत्रा मान ताणून सारखा घोट घेतोय, लाळ धरतच नाहीये आणि खाल्लेलं जसंच्या तसं लगेच बाहेर येतंय, तर वस्तू अन्ननलिकेतच अडकली असू शकते. तेही तातडीचंच.

गुदद्वारातून दोरा लोंबतोय. ओढून काढू का?

कृपा करून ओढू नका. सगळ्या अडथळ्यांत दोऱ्याचा अडथळा मला सगळ्यात भीतिदायक वाटतो, कारण तो दिसायला क्षुल्लक असतो. संक्रांतीचा मांजा, हाराचा दोरा, राखी, सुतळी, उसवलेला मोजा, फाटलेल्या साडीची किनार, सगळ्यांचं वागणं सारखंच. एक टोक वर कुठेतरी अडकतं, कुत्र्यांत बहुतेकदा जठराच्या दाराशी, कधी जिभेच्या मुळाशी. उरलेला दोरा आतड्यात पुढे जातो. आतडं त्याला पुढे ढकलायचा प्रयत्न करत राहतं आणि दोरा हलत नाही म्हणून स्वतःच त्यावर चुण्या पडून गोळा होतं, परकराच्या नाडीवर कापड जमा होतं तसं. ताणलेला दोरा मग भिंतीत रुतून एकाच वेळी अनेक ठिकाणी कापतो. अशा वेळी बाहेरून दिलेला एक हिसका आतडं चिरायला पुरेसा असतो.

दोरा फारच लोंबत असेल आणि कुत्रा त्यावर बसत असेल किंवा तो चाटत असेल, तर लांब टोक कात्रीने कापा, बाहेर थोडा भाग राहू द्या आणि निघा. तोंडातून दिसणारा दोराही ओढायचा नाही. जिभेखाली नजर टाकून काय दिसलं ते डॉक्टरांना सांगा.

घरीच मीठ-पाणी पाजून उलटी करवली तर?

नको. मिठाने उलटी होईलच असं नाही, पण रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात, जीवही जातो. इंटरनेटवर हायड्रोजन पेरॉक्साइड पाजायला सांगतात. त्याने जठराच्या आतल्या अस्तराला जखमा होतात. घशात बोटं घालणं कुत्र्यात उपयोगी पडत नाही, चावा मात्र बसतो. आणि करवंटी, हाड, सेल यांसारखी वस्तू परत वर येताना अन्ननलिका फाडू शकते. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांत उलटी फुप्फुसात जायची भीती जास्त. उलटी करवायची की नाही हा निर्णय वस्तू कोणती आणि गिळून किती वेळ झाला हे पाहून डॉक्टरच घेतात.

तेल, तूप, एरंडेल, केळं, इसबगोल हे उपायही प्रेमापोटीच सुचवले जातात. अडकलेली वस्तू तेलाने घसरत नाही. जबरदस्तीने पाजलेलं तेल श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. इसबगोल फुगतो आणि बंद वाटेत गर्दी वाढवतो. हिंगाच्या लेपाने अपाय होणार नाही, पण तो लावून वाट पाहण्यात गेलेले तास अपाय करतात.

आमच्या घरी उलटीची गोळी आहे. अर्धी देऊ?

देऊ नका. मेटोक्लोप्रमाइड आतड्याची हालचाल वाढवतं. वाट बंद असताना तो जोर फुगलेल्या भिंतीवर पडतो. ऑन्डॅनसेट्रॉनने उलटी थांबते, अडथळा तसाच राहतो, आणि घरातल्यांना मात्र बरं वाटायला लागलंय असं वाटतं. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यातलं काहीही नको. कुत्र्यांमध्ये पहिल्या दोघांनी जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात, पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते. पिचकारीने एनिमा देणंही टाळा.

पाणी? थोडं ग्लुकोज?

अडथळ्याची दाट शंका असेल तर दवाखान्यात पोचेपर्यंत तोंडावाटे काहीच नको. भूल द्यावी लागली तर रिकामं पोट बरं, आणि पाजलेलं पाणी तसंही उलटीतून जातं. पाण्याची भरपाई डॉक्टर सलाईनने करतील. दवाखाना दूर असेल आणि उकाड्याने जीभ कोरडी पडली असेल तर ओल्या कपड्याने तोंड पुसून द्या.

किती गंभीर आहे हे घरी कसं कळेल?

वरचा ओठ उचला आणि हिरडीवर अंगठा दाबून सोडा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. जास्त वेळ लागला, हिरडी फिकी, राखाडी किंवा विटकरी लाल दिसली, बोटाला ओली न लागता चिकट लागली, तर रक्ताभिसरण बिघडतंय. आपल्या देशी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, तिथे रंग कळत नाही. मग डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहा. आणि ही पाहणी आजच, कुत्रा ठणठणीत असताना करून ठेवा. त्याचा नेहमीचा रंग माहीत असेल तरच बदललेला कळेल.

कान गरम लागले म्हणून ताप आहे असं समजू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

हिरड्या चांगल्या दिसल्या म्हणून मात्र थांबू नका. सुरुवातीला त्या चांगल्याच असतात.

पोट नगाऱ्यासारखं फुगलंय, ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काही येत नाही. हेच का ते?

हे त्याहून भयंकर असू शकतं. जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळलं जातं आणि काही तासांत कुत्रं जातं. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डोबरमन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं. पुढचं वाचत बसू नका, निघा, आणि वाटेतून फोन करा.

तीन महिन्यांचं पिल्लू आहे. पार्वो की अडथळा?

घरी ओळखता येत नाही. पार्वो हा पिल्लांना होणारा विषाणूचा गंभीर आजार. दोन्हींत उलट्या, मलूलपणा, रक्ताची शी. पार्वोची तपासणी शीच्या नमुन्यावर दवाखान्यात काही मिनिटांत होते, ती करून घ्याच. पण तपासणीत पार्वो निघाला म्हणजे अडथळ्याचा प्रश्न मिटला असं नाही. पार्वोने किंवा जंतांनी चिडलेलं आतडंच पुढच्या भागात शिरतं. उपचार चालू असताना, सुधारत असलेल्या पिल्लाच्या उलट्या अचानक परत सुरू झाल्या किंवा पोटात सॉसेजसारखं काही हाताला लागलं, तर डॉक्टरांना सोनोग्राफीची आठवण करा. लस आणि जंताचं औषध वेळेवर दिलं की यातलं बरंच टळतं.

रात्री दोन वाजता मुंबईत जायचं कुठे?

हे आज, दुपारी, निवांत असताना ठरवा. नेहमीच्या डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा: रात्री तुम्ही फोन घेता का, नसाल तर कुठे पाठवता, आणि तिथे रात्री एक्स-रे व सर्जन दोन्ही असतात का. 'चोवीस तास' अशी पाटी असलेल्या प्रत्येक दवाखान्यात रात्री ऑपरेशन होतंच असं नाही. तिथे फक्त सलाईन लावून सकाळची वाट पाहिली जात असेल तर ते आधी कळलेलं बरं.

परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय टॅक्सीवाल्यांना 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हटलं की कळतं. १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. कुठेही जाण्याआधी फोन मात्र करा.

रस्त्याचाही विचार करून ठेवा. उपनगरातली रिक्षा वांद्रे-सायनच्या पुढे शहरात येत नाही, त्यामुळे परळ-महालक्ष्मीला जायचं तर टॅक्सी किंवा शेजाऱ्याची गाडीच लागेल. कुत्रं आहे हे कॅबवाल्याला आधीच सांगा आणि सीटवर टाकायला जुनी चादर घ्या. जुलैतल्या मुसळधार पावसात हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी भरतं. तशा रात्री लांबच्या मोठ्या रुग्णालयापेक्षा पाण्याच्या अलीकडचा, सर्जन असलेला दवाखाना चांगला.

डॉक्टरांना काय काय सांगायचं?

शेवटचं नीट कधी जेवला, पहिली उलटी कधी झाली, किती झाल्या, शेवटची शी कधी, कोणतं औषध दिलं. उलटीचा आणि शीचा फोटो काढा. घरातून काय गायब आहे ते शोधा: मोज्यांच्या जोड्या लावून बघा, कचऱ्याचा डबा उपसा, मुलांना न रागावता विचारा. गिळलेल्या वस्तूसारखी दुसरी वस्तू घरात असेल, तर ती सोबत न्या. आकार हातात धरून पाहिला की डॉक्टरांचा निर्णय सोपा होतो.

आणि लाजू नका. सॅनिटरी पॅड, अंतर्वस्त्रं, डायपर, सगळं डॉक्टरांनी पाहिलेलं असतं. संकोचापोटी न सांगितलेल्या एका वस्तूमुळे निदानाला अर्धा दिवस उशीर होतो आणि त्याची किंमत कुत्रं मोजतं.

एक्स-रेत काही दिसलं नाही. मग सुटलो?

लगेच नाही. धातू, दगड, बरीचशी हाडं दिसतात. कापड, प्लास्टिक, लाकूड, कणसाचा दांडा हे बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून डॉक्टर वस्तूइतकंच आतड्यातल्या वायूकडे पाहतात. कमरेच्या पाचव्या मणक्याच्या उंचीशी आतड्याच्या रुंदीची तुलना करतात. ती सुमारे १.६ पटीपेक्षा जास्त असेल तर अडथळ्याची शंका वाढते. सोनोग्राफीत न दिसणाऱ्या वस्तूही पुष्कळदा सापडतात आणि आतड्यात शिरलेलं आतडं तर स्पष्ट कळतं. रक्ततपासणीतून क्षार किती बिघडलेत आणि भूल झेपेल का, याचा अंदाज येतो. काही तासांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगितला तर पैसे उकळताहेत असं समजू नका. वस्तू सरकली की तिथेच थांबली, हे दोन फोटो शेजारी ठेवल्यावरच कळतं.

ऑपरेशन करावंच लागतं का?

वस्तू लहान, गुळगुळीत, कुत्रं मोठं, उलटी नाही, भूक चांगली, अशा वेळी डॉक्टर वाट पाहायला सांगतात. त्या काळात प्रत्येक शी हातमोजे घालून उकलून बघायची. दोन-तीन दिवसांत वस्तू बाहेर आली नाही किंवा मधेच उलटी झाली तर परत जायचं. हे वाट पाहणं डॉक्टरांनी तपासल्यावरचं आहे, त्याऐवजी नाही.

वाट पूर्ण बंद असेल, दोरा असेल किंवा आतडं फाटल्याची शंका असेल तर ऑपरेशनला पर्याय नाही. आधी सलाईनने पाणी आणि क्षार सावरतात, मग पोट उघडतात. आतडं जिवंत असेल तर छोटा छेद घेऊन वस्तू काढतात. काळं पडलं असेल तर तो तुकडा कापून दोन टोकं जोडावी लागतात आणि धोका वाढतो. यातलं कोणतं ऑपरेशन वाट्याला येणार, हे बऱ्याचदा तुम्ही घरातून किती वाजता निघालात त्यावर ठरतं.

खर्च परवडणारा नसेल तर?

डॉक्टरांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगा आणि अंदाजे खर्च लिहून मागा: तपासण्या, भूल, ऑपरेशन, नंतरचे दिवस. धर्मादाय रुग्णालयात खर्च कमी येतो. काही ठिकाणी हप्त्याने पैसे घेतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पैशांची जमवाजमव होईपर्यंत निदान सलाईन आणि वेदनाशामक सुरू करून घ्या.

ऑपरेशननंतर घरी आणलं. आता काय बघायचं?

तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत डोळ्यांत तेल घालून बघा. आतड्यावरचा टाका गळायची भीती याच दिवसांत सगळ्यात जास्त. चांगलं खायला लागलेलं कुत्रं पुन्हा जेवण सोडतं, उलटी करतं, पोट दुखतं, अंग तापतं किंवा गार पडतं, तर फोनवर विचारत बसू नका, घेऊन जा.

जेवण डॉक्टरांनी सांगितल्यावरच. बहुधा बारा ते चोवीस तासांत मऊ अन्न थोडं थोडं सुरू होतं: मऊ भात, उकडून बारीक केलेलं चिकन, मीठ-मसाला-कांदा काही नाही. "अशक्त झालाय बिचारा" म्हणून आजी वाटीभर जास्त घालते, तेवढं प्रेमाने अडवा. गळ्यातला प्लास्टिकचा शंकू टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, काढायचा नाही. पावसाळ्यात जखम कोरडी ठेवणं हेच मोठं काम आहे: बिल्डिंगच्या आवारातच शीला न्या आणि घरी आल्यावर पोटाचा भाग घासू नका, टिपून घ्या.

आमच्या गल्लीतला कुत्रा कालपासून ओकतोय. त्याचं काय करू?

तो ज्याच्या हातचं खातो त्यालाच पुढे करा. चादर किंवा टॉवेल अंगावर टाकून, पोटाला आधार देत उचला. चावू नये म्हणून तोंड पट्टीने बांधायची घाई करू नका. उलटी करणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधलं तर उलटी फुप्फुसात जाते. जवळ जाता येत नसेल तर प्राणिसंस्थेच्या अॅम्ब्युलन्सला बोलवा आणि ती येईपर्यंत कुणीतरी त्याच्यावर नजर ठेवा. दुखणारं कुत्रं गाडीखाली, गटाराकडे जाऊन लपतं आणि मग सापडत नाही.

गल्लीत खायला घालणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती. रस्सा-भात प्लास्टिकच्या पिशवीत आणून ती तिथेच सोडू नका. रस्सा लागलेली पिशवी भुकेल्या कुत्र्यासाठी अन्नच असते, तो ती चाटत चाटत गिळतो. पसरट भांड्यात घाला आणि भांडं, पिशवी, दोनदा मोजून परत न्या.

रविवारच्या मटणाची हाडं द्यायची की नाही?

शिजवलेली हाडं नाहीच. ती ठिसूळ होऊन टोकदार तुकडे पडतात. नळीचं हाड खालच्या जबड्यात कड्यासारखं अडकतं, तेही अनेकदा पाहिलंय. दुकानात मिळणारी चामड्याची चघळायची हाडंही पाणी पिऊन फुगतात. शेवटचा मऊ पडलेला तुकडा कुत्रं अख्खा गिळायच्या आत काढून घ्या. चघळायला टणक रबराचं, त्याच्या तोंडापेक्षा मोठं खेळणं द्या.

आमचा एकदा ऑपरेशन होऊनही पुन्हा काहीही गिळतो. कायमचा उपाय?

आधी डॉक्टरांकडून जंत, पचनाचे विकार आणि रक्तक्षय तपासून घ्या. माती-कापड खाण्यामागे कधी हे कारण निघतं. मग घर: झाकण लागणारा, पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा, कपड्यांची टोपली दाराआड, देवघराचं निर्माल्य उंचावर. कुत्र्याला 'सोड' शिकवा, पण वस्तू हिसकावून नव्हे. हिसकावलं की तो पुढच्या वेळी घाईने गिळतो. मोज्याच्या बदल्यात चिकनचा तुकडा मिळतो हे कळलं की तो मोजा स्वतः आणून देतो.

फिरायला गेल्यावर उकिरडा हुंगणाऱ्यांसाठी जाळीचं मुसकं वापरा. कापडी घट्ट मुसकं नको, त्यात तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत आणि मुंबईच्या दमटपणात कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो. माप घेताना तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर येते का आणि जाळीतून पाणी पिता येतं का, हे दुकानातच पाहून घ्या.